मिशीवाली नायिका आणि दाढीवाला साहेब

त्या वर्षी मी मिशी ठेवली आणि आमच्या गावची नाटक कंपनी बसली.

थट्टा नाही. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, आणि वैनगंगेच्या काठचा आमचा सारा झाडीपट्टीचा मुलूख त्याच जिल्ह्यात होता. दिवाळी झाली की इकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि नाटक होतं. नाटकात बाईचं काम पुरुषानंच करायचं, आणि आमच्या कंपनीत ते माझ्याकडे होतं. माझा गळा लहानपणी बारीक होता तो मोठेपणीही बारीकच राहिला. बोलताना चारचौघांसारखा, गायला लागलो की बाई. राणी मी, विधवा मी, नवऱ्यानं टाकलेली सून मी. नदीपलीकडच्या गावांतून लोक बैलगाड्या जुंपून यायचे ते मला रडताना पाहायला. आता ऐंशीच्या घरात येऊन बढाई मारून मला काय मिळणार आहे? पण खरं ते खरं.

तर माझ्या लग्नाचं ठरत होतं. मुलगी वरोऱ्याकडची. आमच्याच जातीतली, पण ते लोक कापसाच्या मुलखातले आणि आम्ही धानाच्या. मी तिला पाहायला गेलो तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी तो हातात घेऊन प्यायचं विसरलो. तिनं खाली मान घालून हळूच म्हटलं, ‘‘पानीच आहे.’’ मला ती फार आवडली. रात्रंदिवस तोच विचार, इतकी आवडली.

अडचण तिच्या बापाची. काळा, उंच, भुवया केसाळ, आणि बोलणं कुऱ्हाडीनं लाकूड फोडल्यासारखं. मी नाटकात लुगडं नेसतो हे त्याच्या कानावर कुणीतरी घातलं. मध्यस्थाजवळ त्यानं निरोप पाठवला, ‘‘मले जावाई पायजे, सून नाई. सुना घरी दोन हायेत.’’

बाबांनी मला ओसरीवर उभं केलं. ‘‘बाबू, लगन करतोस का लुगडं नेसतोस, एक सांग.’’

मी म्हटलं, ‘‘दोन्ही.’’

‘‘मंग उपाशी मरशील. उद्यापासून मिशी ठेव.’’

मी मिशी ठेवली. मिशी कसली, ओठावर मुंग्यांची रांग. तरी रोज तिला एरंडीचं तेल लावत होतो. आमचा पेटीमास्तर म्हणजे कंपनीचा मालक. पेटी वाजवणारा, नाटक बसवणारा, पडदे शिवून घेणारा सगळा तोच. त्यानं पहिल्यांदा ती मिशी पाहिली तेव्हा तो पाण्याच्या पाटाच्या बांधावर खालीच बसला.

‘‘हे काय उगवलं?’’

‘‘सोयरीक.’’

‘‘अन् मंडईले नायिका कोन? मी?’’

तो तोंडात पान असूनही रडकुंडीला आला होता. मंडई दोन आठवड्यांवर, नाटक तालमीत बसलेलं, आणि नायिकेला मिशी. दुसरा बारीक गळा पंचक्रोशीत नव्हता. मला त्याची दया आली, पण मी मिशीला तेल लावणं सोडलं नाही. माणसाला आयुष्यात एकदाच अशी मुलगी पाणी देते.

मी नोकरीला मिशनच्या दवाखान्यात होतो. औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि रोग्यांना कुठली बाटली कधी प्यायची ते समजावून सांगायचं. कारण आमचा गोरा डॉक्टर मराठी शिकला होता तो पुस्तकांतून. तो रोग्याला विचारी, ‘‘आपणांस क्षुधा लागते काय?’’ आणि रोगी घाबरून माझ्याकडे पाहून विचारी, ‘‘मले काय झालं, भाऊ?’’ माणूस मात्र सोन्यासारखा.

त्या हिवाळ्यात डॉक्टरकडे त्याची बहीण आणि मेहुणा आले. कुठल्या देशाचे ते डॉक्टरनं सांगितलं होतं, पण गावाच्या लेखी गोरा तो विलायती. एके दिवशी सकाळी मी चिठ्ठ्यांना खळ लावत बसलो होतो आणि बंगल्याच्या व्हरांड्यातून बाईचा गाण्याचा आवाज आला. उंच, सरळ, थरथर नसलेला. रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. ‘‘मडम किती मजेची गाऊन राह्यली वं!’’

मी एक रिकामी बाटली उचलली आणि काम असल्यासारखा बंगल्याकडे गेलो. पाहतो तो मडमचं तोंड बंद. ती गुडघ्यांमध्ये एक मोठी सारंगीसारखी वस्तू धरून गजानं वाजवत होती. डॉक्टर एका बाजूला अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचं तंतुवाद्य मांडीवर घेऊन, जीभ बाहेर काढून एकेक तार शोधत होता. आणि तो बाईचा आवाज येत होता मेहुण्याच्या दाढीतून. साडेसहा फूट उंच माणूस, छातीपर्यंत तांबूस दाढी, पायांत बूट, दोन्ही हात पाठीमागे, आणि गळा माझ्यासारखा.

मी तिथेच उभा राहिलो. मला वाटत होतं, असला गळा साऱ्या जगात मला एकट्यालाच दिला आहे आणि तोही देवाच्या नजरचुकीनं. आणि हा माणूस ना कंबर हलवत होता, ना मान वेळावत होता, ना डोळ्याला पदर लावत होता. सातबारा वाचणाऱ्या पटवाऱ्यासारखा उभा राहून गात होता. मला इतका आनंद झाला की बाटली हातातून पडली आणि फुटली.

डॉक्टरनं मला सगळं समजावलं. ही गाणी तीनशे वर्षांपूर्वीची, राजवाड्यांतली आणि देवळांतली. वाद्यंही त्याच काळच्या घाटाची. त्यांना लोखंडाची तार नाही, जनावराच्या आतड्याची तात. आणि त्या काळी असल्या गळ्याच्या पुरुषांना मोठा मान होता.

‘‘आणि आता?’’ मी विचारलं.

डॉक्टरनं चष्मा पुसला. ‘‘आता तितकासा नाही,’’ तो म्हणाला.

गावात बातमी मीच नेली, हे सांगायला नको. पेटीमास्तर ऐकलं तसा उठला आणि धोतर सावरत थेट दवाखान्यात आला. मंडईला नायिका पाहिजे, गळा इथे आहे, काम तीन दिवसांत शिकवतो, फक्त दाढी काढा. डॉक्टरनं मेहुण्याला विचारलं, मेहुणा दाढीवर हात फिरवून काहीतरी बोलला आणि डॉक्टरनं गंभीरपणे उत्तर दिलं, ‘‘श्मश्रू करणे त्यांस मान्य नाही. परंतु मंडईत दुपारी ते आनंदाने गायन करतील.’’

पेटीमास्तरनं विचार केला. नाटक नाही तर नाही, निदान बाईचा गळा तरी. ‘‘मंग पेटी मी धरतो,’’ तो म्हणाला.

त्यानं लगेच पेटी मागवून सूर धरला. दाढीवाल्या मेहुण्याला आता सगळे साहेब म्हणत; त्या साहेबाचा सूर पेटीच्या खाली. इतका खाली की पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. साहेबानं समजावलं की तीनशे वर्षांपूर्वी सगळ्यांचाच सूर थोडा खाली असे.

पेटीमास्तर भडकला. ‘‘तीनशे वर्षांत सूर मिळवला काऊन नाई मंग?’’

डॉक्टरनं ह्याचं भाषांतर केलं नाही. पेटी बाद झाली आणि मास्तर कुणाशी बोलेनासा झाला.

गाण्यांचा अर्थ लोकांना सांगायचं काम डॉक्टरनं माझ्यावर टाकलं. बाबांनी कुरकुर केली, पण ते नाटक नव्हतं, लुगडं नव्हतं, आणि सांगणारा डॉक्टर माझा मालक होता. ‘‘फक्त सांगाचं,’’ बाबा म्हणाले. ‘‘गळ्यातून सूर काढलास तं पाय. तुहा सासरा येऊन राह्यला मंडईले.’’

होणारा सासरा खरंच आला. वरोऱ्याहून रेल्वेनं चांद्याला, तिथून मोटारीनं, नदी डोंग्यानं, आणि पुढे बाबांनी पाठवलेल्या खासरात, म्हणजे आमच्याकडच्या हलक्या बैलगाडीत. बरोबर धाकटा भाऊ. पाहुणचार झाला, कोंबडं कापलं, आणि दुपारी दोघांना मांडवात पहिल्या रांगेत शाळेच्या बाकावर बसवलं. सासरा माझ्या मिशीकडे असा पाहत होता जसा बाजारात बैलाचे दात पाहतात.

मांडव गच्च भरला होता. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मुलं बांबूंवर. लोक सतरंज्या, घोंगड्या, शिदोऱ्या घेऊन आले होते, कारण आमच्याकडे गाणं म्हणजे बसून बसून कंबर मोडेपर्यंत. तिघं गोरे आले. डॉक्टरनं आपलं भोपळ्याचं वाद्य बाहेर काढलं तशी मांडवात हळहळ झाली. त्या वाद्याची मान शेवटाला एकदम मागे मोडलेली असते. ती तशीच असते, पण लोकांना काय ठाऊक?

‘‘अरेरे, गाडीत मोडलं वाट्टे,’’ कुणीतरी म्हणालं.

पाटलांनी माणूस पिटाळला आणि गावचा सुतार लाकूड तासायचा वाकस घेऊन मंचावर चढला. डॉक्टरनं वाद्य छातीशी धरलं. सुतार म्हणत होता, ‘‘घाबरू नका डॉक्टरसाहेब, दोन खिळ्यांचं काम आहे.’’ मी मधे पडलो आणि शपथेवर सांगितलं की ते मोडकंच बनवतात. सुताराचा विश्वास बसला नाही. तो खाली जाऊन बसला, पण वाकस त्यानं जवळच ठेवला.

मग मी पहिल्या गाण्याचा अर्थ सांगितला. एक राणी आहे. तिचा प्रियकर जहाजात बसून निघून गेला आहे. ती किनाऱ्यावर उभी राहून रडते आहे. दुसऱ्या गाण्यातही तेच होतं, फक्त राणीऐवजी मेंढपाळीण. लोक माना डोलवायला लागले. रडणारी बाई हा आमच्या मुलखाचा आवडता विषय.

साहेबानं गायला सुरुवात केली. एक ओळ म्हटली आणि थांबला. डोळे मिटून, हात पाठीमागे, अगदी स्तब्ध. मडमचा गजही थांबला. मांडवात शांतता. लोकांना वाटलं, विसरला. आमच्याकडे नट विसरला की सारं गाव त्याला सांभाळून घेतं. बायकांच्या अंगाहून एक म्हातारी ओरडली, ‘‘म्हन बापू, म्हन! भेऊ नोको!’’ मागून पोरं ओरडली, ‘‘येईल, येईल, आठवून राह्यला!’’

साहेबानं डोळे उघडले. लोकांकडे नवल केल्यासारखं पाहिलं, मडमकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागला. आता मात्र थांबला नाही.

त्याचा गळा दाढीतून निघतो ह्याचं कुणालाच काही वाटलं नाही. का वाटावं? बाईचं गाणं पुरुषानं म्हणायचं हीच आमची रीत. एकानं फक्त एवढंच विचारलं की लुगडं का नाही, आणि दुसऱ्यानं त्याला सांगितलं की त्या मापाचं मिळालं नसेल.

त्या जुन्या गाण्यांची एक ठरलेली बांधणी आहे. आधी एक भाग, मग वेगळा दुसरा भाग, आणि दुसरा संपला की पुन्हा पहिला, पण जास्त नक्षी काढून. हे डॉक्टरनं मला सांगितलं होतं. मी लोकांना सांगायचं विसरलो. दुसरा भाग संपला, साहेबानं श्वास घ्यायला जरासा थांबा घेतला, आणि आमच्या लोकांनी सवयीप्रमाणे आरोळी ठोकली, ‘‘वन्स मोअर!’’

आणि साहेब पुन्हा पहिल्या ओळीवर आला.

मांडव खूश. एवढा मोठा माणूस, पण शब्द खाली पडू देत नाही! पुढच्या गाण्यात दुसरा भाग संपायची ते वाटच पाहत होते. थांबा आला, ‘‘वन्स मोअर!’’ आणि साहेब परत पहिल्या ओळीवर. म्हाताऱ्यांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. गाणं खरोखर संपलं की पुन्हा ‘‘वन्स मोअर!’’ साहेबानं डॉक्टरला विचारलं, डॉक्टरनं सांगितलं, आणि साहेबानं लाल होऊन सगळं गाणं परत म्हटलं, ज्याच्या मधे अर्थातच अजून एक वन्स मोअर होता. राणीचं जहाज काही किनारा सोडीना. डॉक्टरच्या बोटांना फोड आले. साहेब मात्र गाण्यागणिक उंच होत चालला होता. आधी पाठीमागे असलेले हात आता बाजूला सुटले होते.

सासरा अजूनही ढिम्म होता. धाकटा भाऊ मात्र तोंडाला उपरणं लावून सारखा खुदखुदत होता.

तेवढ्यात फाट्टकन आवाज झाला. मडमच्या वाद्याची सर्वांत जाड तात तुटली. मडमनं वाद्याचं खोकं उघडलं, सुट्या तातींची पुडी काढली, आणि तिच्यातून भुसा बाहेर पडला. दवाखान्याच्या उंदरांनी ताती खाल्ल्या होत्या. खाणारच. आतडं ते.

सुतार वाकस घेऊन उठला. आणि सासरा उभा राहिला. आता हा निघून जाणार म्हणून बाबांचं तोंड उतरलं. पण तो मंचावर आला, तुटलेलं टोक त्यानं चिमटीत धरलं, ताणलं, नाकाशी नेलं आणि गरजला, ‘‘हे तं तात होय! पिंजाऱ्याची तात! मंडईत पिंजारी हाय का नाई?’’

कापूसवाला माणूस तो. गाद्या, रजया पिंजून घेण्यात त्याचा जन्म गेलेला. तो स्वतः मांडवातून बाहेर पडला आणि पिंजाऱ्याला दंडाला धरून घेऊन आला. पिंजाऱ्याच्या खांद्यावर त्याची धनुष्यासारखी पिंजण होती, केसांत कापूस होता, आणि तो तक्रार करत होता की रजई अर्धी राहिली आहे, थंडीचे दिवस, गिऱ्हाईक बोंब मारेल. सासऱ्यानं त्याला वरोऱ्याच्या भाषेत असं काही सुनावलं की पिंजाऱ्यानं झोळीतून एक जादा तात काढली. पण अट घातली, तात परत मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही. तो मडमच्या शेजारी मांडी घालून बसला आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यानं तातीवरची नजर काढली नाही. कापसाचे तंतू मडमच्या झग्यावर उडत होते.

नवी तात चढवायला वेळ लागतो. ती ताणते, ढिली होते, पुन्हा ताणावी लागते. मडम खुंटी पिळत होती आणि सासऱ्यानं तातीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. भुवया चढवून, दात आवळून. सोडली तर निसटेल, म्हणून त्याला हलताही येत नव्हतं.

खुंटी पिळता पिळता मडम माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाली. डॉक्टरनं सांगितलं, आणि ह्या वेळी त्याची मराठी पुस्तकी नव्हती. ‘‘ती विचारते, लोक हसले का नाहीत? आमच्या गावात हा गायला लागला की लोक आधी हसतात. म्हणून हा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. त्यांचं हसणं संपलं की पुढे गातो. आज तो थांबला, पण हसणं आलंच नाही.’’

साहेब कोपऱ्यात पाणी पीत होता. मला एकदम भडभडून आलं. एवढा धिप्पाड माणूस, आणि प्रत्येक गाण्याआधी उभा राहून हसू सोसायचा!

मांडव मात्र कंटाळला होता. बांबूवरच्या पोरांनी सुरुवात केली. ‘‘तवरिक आपली बाई गाऊ द्या! आपली बाई!’’ मग पुरुष ओरडले, मग बायका. पेटीमास्तर इतक्या दिवसांचा अबोला सोडून बाकावर चढून ओरडला, ‘‘गावाची इज्जत आहे बे, उठ!’’

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. सासऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात तात होती. मला ती पाण्याचा तांब्या देणारी मुलगी आठवली आणि मनात म्हटलं, आता गातो तर ही गेली. आणि नाही गायलो, तर उद्या तिच्यासमोर बसून मी काय तोंड दाखवणार? साहेबाला दाढी आहे, बायको आहे, चार मुलं आहेत, आणि मला साधी मिशी सांभाळून गाता येऊ नये? माझा स्वतःवरच संताप झाला. मी उभा राहिलो आणि नवऱ्यानं टाकलेल्या सुनेचं, नाटकातलं माझं गाणं म्हणायला लागलो.

पहिली ओळ संपते न संपते तोच बाकावरून धाकट्या भावानं खिंकाळी फोडली. ‘‘अबे, मिशीवाली बाई!’’

हसू साथीसारखं असतं. त्याच्या शेजारचा हसला, मग त्याच्या मागचा. माझे गाववालेही हसले, मी त्यांना दोष देत नाही. लुगड्यात त्यांनी मला हजार वेळा पाहिलं होतं, पण सदऱ्यात आणि मिशीत ते त्यांनाही नवंच होतं. माझे कान तापले. मग साहेबानं केलं तेच मी केलं. डोळे मिटले आणि थांबलो.

हसू कमी होईना. इतक्यात बुटांचा आवाज आला. डोळे उघडले तर साहेब माझ्या शेजारी येऊन उभा. गायला नाही, बोलला नाही. नुसता उभा राहिला, आपली दाढी घेऊन. तो दाढीवाला आणि मी मिशीवाला, दोघे एका रांगेत. मांडव चिडीचूप झाला. मडमनं उरलेल्या ताती हळूच छेडल्या. तिनं माझा सूर बरोबर उचलला होता, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधला. मी गायलो.

त्या दिवशीसारखा मी आधी कधी गायलो नव्हतो. पदराआड तोंड लपवायची सोय नव्हती, म्हणून असेल. बायकांच्या अंगाला नाकं ओढल्याचा आवाज आला. पिंजारीही रडला, पण तातीवरची नजर न काढता. सासऱ्याची मान खाली होती, सगळं लक्ष त्या तातीकडे. त्याचा चेहरा मला दिसला नाही.

तात बसली. पुढे साहेब आणखी गायला, वन्स मोअरसकट, आणि दिवस मावळायला लोकांनी नाइलाजानं शिदोऱ्या उचलल्या. पिंजाऱ्यानं तात उतरवून घेतली आणि मापून पाहिली.

सासरा परत जायला निघाला. खासर जुंपलं होतं. बाबा लांब उभे, काय ऐकायला मिळणार ह्या भीतीनं. सासऱ्यानं मला बोटानं जवळ बोलावलं. त्याच्या तळव्यांवर तातीचे वळ उठले होते, ते तो चोळत होता. माझ्याकडे न पाहता बोलायला लागला.

‘‘मही बायको गात जाय. घरात, वावरात, कुठी बी. एक दिवस म्या म्हनलं, गप बस वं, लोक आयकतात. ते गप बसली. तं बसलीच. मरेपर्यंत बसली.’’



‘‘पोरगी बी गाते. म्या घरात पाय टाकला का बंद होते.’’ त्यानं खासराच्या दांडीला हात घातला. ‘‘पोरगी देली तुले. पन तुह्या घरी तिले गप बसा नाई लागलं पायजे. एवढंच पाय.’’

‘‘नाही लागणार,’’ मी म्हटलं. माझा आवाज त्या वेळी नेमका बारीक निघाला. त्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. तो खासरात चढला आणि धाकट्या भावाला म्हणाला, ‘‘सरक तिकडं, हसऱ्या.’’

लग्न झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगण सारवताना ती गायला लागली आणि मी अंथरुणात उठून बसलो. ती बेसूर होती. थोडीथोडकी नाही. सूर एका शिवारात तर ही दुसऱ्या शिवारात, आणि आवाज मात्र खणखणीत, बापाचा. पेटीमास्तर रस्त्यानं चालला होता, तो कुंपणाशी थांबला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, कानाला हात लावला आणि निघून गेला. मी ज्याचा गळा ऐकायला लोक नदी ओलांडून यायचे, तो मी सारं आयुष्य ते गाणं ऐकत जेवलो, झोपलो, चिठ्ठ्या चिकटवल्या. कितीदा तरी ‘गप’ हा शब्द ओठापर्यंत आला. गिळला. मुलं म्हणायची, बाबा, आईला सांगा ना. मी म्हणायचो, तुम्ही बाहेर जाऊन खेळा.

ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सून गुणी आहे, नातवानं रेडिओ आणून दिला आहे, त्यावर मोठमोठे गवई गातात. घरात आता एकही बेसूर आवाज नाही, आणि मला करमत नाही.